‘भांडवली खर्च’ : एक संज्ञा, अनेक अर्थ

केंद्र सरकारच्या भांडवली खर्चाची दीर्घकालीन आकडेवारी मांडताना संज्ञा एक म्हणजे अर्थही एक, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. हे गृहीतक टिकणारे नाही. ह्या संज्ञेत रस्ते व लोहमार्ग यांच्याबरोबर राज्यांना दिलेली कर्जे आणि भागखरेदीही मोडते. १९९९-२००० पासून अल्पबचतीतून राज्यांना मिळणारी कर्जे स्वतंत्र राष्ट्रीय निधीकडे गेली. पुढे बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर राज्ये कर्जासाठी थेट बाजाराकडे वळली. ह्या काळात दिसणाऱ्या घटीचा काही भाग म्हणून केवळ नोंदीच्या स्थलांतराचा आहे. उलटपक्षी, २००७-०८ मध्ये स्टेट बँकेचे भाग रिझर्व्ह बँकेकडून सरकारकडे आले. त्या व्यवहाराने आकडा वाढला, पण एकही पूल उभा राहिला नाही.

अलीकडील वाढ निःसंशय मोठी आहे. २०२३-२४ च्या अंदाजपत्रकात १० लाख कोटी रुपयांची तरतूद होती. तथापि तीत राज्यांना द्यावयाच्या ५० वर्षे मुदतीच्या बिनव्याजी कर्जांचे १.३ लाख कोटी अंतर्भूत होते. याउलट ग्रामीण रस्त्यांसाठी राज्यांना दिलेले अनुदान ‘महसुली’ ठरते. रस्ता तोच, द्रव्य कर्जरूपाने गेले तर भांडवली, अनुदानरूपाने गेले तर महसुली!

सारांश, प्रत्यक्ष बांधकाम, कर्जे व भागखरेदी यांची पृथक् मांडणी केल्यावाचून प्रवृत्तीविषयी निष्कर्ष काढणे म्हणजे शब्दाच्या इतिहासालाच देशाच्या उभारणीचा इतिहास समजणे होय.