‘डर्थ’, दुष्काळ आणि टंचाई

इंग्रजी शब्द ‘डर्थ’ याचा मराठी अर्थ विचारला असतां विद्यार्थी बहुधा ‘टंचाई’ असें उत्तर देतो. थोडा अधिक वाचलेला असेल तर ‘दुष्काळ’ म्हणतो. आणि परीक्षेची घाई असेल तर ‘उणीव’ एवढें लिहून पुढें जातो. भाषांतराचें काम तेवढ्यानें भागतें, पण शब्दाचें काम भागत नाहीं. या तीन मराठी शब्दांचे अर्थ शेजारीं शेजारीं राहणारे असले, तरी एका घरांत नांदणारे नव्हेत. ज्या मुलुखांत वर्षाचा पाऊस सरासरीनें सहाशें ते सातशें मिलिमीटरांच्या पलीकडे जात नाहीं, आणि तोही एखाद्या सालीं पाठ फिरवितो, तेथें तर या शब्दांमधील अंतर हा केवळ कोशकारांच्या वादाचा विषय राहत नाहीं. जालना जिल्हा हा असा मुलूख आहे. म्हणून या इंग्रजी शब्दाची व्युत्पत्ति, त्याचा प्रवास व आपल्या भाषेंतील त्याचे सोबती यांचा थोडा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

‘डर्थ’ हा ‘डिअर’ या विशेषणास ‘थ’ हा भाववाचक प्रत्यय लागून सिद्ध झालेला शब्द होय. ‘वॉर्म’पासून ‘वॉर्म्थ’ किंवा ‘लाँग’पासून ‘लेंग्थ’ ज्या रीतीनें झाला, त्याच रीतीनें हा झाला. ‘ड्राय’ म्हणजे कोरडा, यापासून निघालेला ‘ड्राउट’ म्हणजे अवर्षण, हाही त्याच कुळांतला. त्याच्या शेवटच्या ‘थ’चा ‘ट’ झाला एवढेंच. ‘डिअर’ या शब्दाचे दोन अर्थ शाळेंतील मुलासही ठाऊक असतात: एक प्रिय आणि दुसरा महाग. तेव्हां तेराव्या शतकापासून इंग्रजींत आढळणाऱ्या ‘डर्थ’चा व्युत्पत्तीप्रमाणें पहिला अर्थ ‘महागपणा’ असाच होतो. पुढें धान्य महाग होतें तें तें पुरेसें नसतें म्हणून, या अनुभवानें कार्याचें नांव कारणास मिळालें, आणि ‘डर्थ’ म्हणजे धान्याची कमतरता, दुष्काळ, असा अर्थ रूढ झाला. शेवटीं धान्याशीं असलेला संबंधही सुटला व कोणत्याही वस्तूची किंवा गुणाची उणीव त्या शब्दानें दाखविली जाऊं लागली. जर्मन भाषेंतही ‘टॉयर’ म्हणजे महाग आणि ‘टॉयरुंग’ म्हणजे महागाई; ल्यूथरनें बायबलच्या आपल्या भाषांतरांत दुष्काळासाठीं हाच शब्द योजिला आहे. युरोपांतील सामान्य माणसानें दुष्काळ प्रथम ओळखला तो आकाशाकडे पाहून नव्हे, तर बाजारांतील भाव ऐकून, असें यावरून म्हणावें लागतें.

आपल्याकडील ‘महाग’ हा शब्द संस्कृत ‘महार्घ’ यापासून आला. ‘अर्घ’ म्हणजे किंमत. ज्याची किंमत मोठी तें महार्घ. त्याचा प्रतिस्पर्धी ‘समर्घ’, म्हणजे बेताच्या किंमतीचें, तोच मराठींत ‘सवंग’ झाला. विशेषणास भाववाचक प्रत्यय लावून केलेला ‘महागाई’ हा शब्द घडणीनें ‘डर्थ’चा सख्खा भाऊ आहे. परंतु दोघांचे मार्ग मात्र भिन्न झाले. ‘महागाई’ बाजारांतच राहिली. ‘डर्थ’ बाजार सोडून कोठाराकडे गेला.

असें असलें तरी इंग्रजी शब्दानें जो प्रवास केला, तोच प्रवास मराठीनें एका वाक्प्रचारांत केलेला आहे, आणि तो अधिक मार्मिकपणें केलेला आहे. ‘तो भाकरीला महाग झाला’ असें आपण म्हणतों. या वाक्यांत महाग कोण झालें? भाकरी नव्हे, माणूस. व्याकरणानें पाहतां ही योजना उफराटी वाटते, कारण किंमत वस्तूला असते, आणि येथें विशेषण लागलें आहे खाणाऱ्याला. पण अर्थाच्या दृष्टीनें त्यापेक्षां नेमकें सांगणें कठीण. धान्य जगांत आहे कीं नाहीं याचा हें वाक्य विचारच करीत नाहीं. तें आणि हा मनुष्य यांच्यामधील वाट बंद झाली, एवढेंच तें सांगतें. ‘घोटभर पाण्याला महाग’, ‘अंगभर वस्त्राला महाग’ हे प्रयोग खेड्यांतील अडाणी म्हणविणारी म्हातारीही बिनचूक करते. ‘डर्थ’ या शब्दाचा आत्मा मराठींत कोठें असेल, तर तो ‘टंचाई’ या नामांत नसून ‘महाग होणें’ या क्रियेंत आहे.

निरनिराळ्या भाषांनीं हें एकच संकट निरनिराळ्या ठिकाणीं उभें राहून पाहिलें आहे. लॅटिन ‘फामेस’ म्हणजे भूक. त्यावरून ‘फॅमिन’ हा शब्द आला, म्हणजे तो पोटांतून पाहतो. ‘अवर्षण’ आकाशाकडे पाहतो. निजामाच्या राज्याची कारभाराची भाषा उर्दू होती, व जालन्याचा मुलूख १९४८ पर्यंत त्या राज्यांत होता. उर्दूंतील ‘कहत’ हा मूळचा अरबी शब्दही पाऊस अडल्याचीच कल्पना मनांत आणतो. संस्कृत ‘दुर्भिक्ष’ हा शब्द दारांत उभ्या असलेल्या याचकाच्या जागेवरून पाहतो: ज्या काळीं भिक्षासुद्धां मिळणें कठीण, तें दुर्भिक्ष. आणि ‘दुष्काळ’ हा शब्द तर सारा काळच वाईट ठरवितो. अन्न, पाणी, चारा, काम, लग्नकार्य, नातें या सर्वांवर एकदम पडलेली ती छाया आहे. ‘स्केअर्सिटी’ हा शब्द मात्र वेगळ्या धाटणीचा. त्याच्या मुळाशीं ‘वेचून काढलेलें’ या अर्थाचें लॅटिन रूप आहे. ‘एक्सर्प्ट’, म्हणजे ग्रंथांतून वेचलेला उतारा, हा त्याचा नातलग. जुन्या इंग्रजी लिखाणांत त्याचा अर्थ काटकसर, चिक्कूपणा असाही होत असे. मोजणाऱ्याचा, हिशेब ठेवणाऱ्याचा तो शब्द आहे. भूक, याचक किंवा बाजार यांपैकीं कोणाचाही चेहरा त्यांत दिसत नाहीं.

संकट कोणी आणलें, हा प्रश्नही या शब्दांच्या मागें सदैव उभा असतो. शेक्सपिअरच्या ‘कोरायोलेनस’ नाटकाचा प्रारंभच ‘डर्थ’नें गांजलेल्या नागरिकांच्या दंग्यानें होतो. वृद्ध मेनेनिअस त्यांची समजूत घालूं पाहतो, कीं ही महागाई देवांनीं आणली आहे, सरदारांनीं नव्हे. आणि त्यास उत्तर मिळतें, कीं तुमचीं कोठारें धान्यानें ठासून भरलेलीं आहेत. त्या जमावाची मागणीही लक्षांत घेण्यासारखी आहे: धान्य आम्हांस आमच्या भावानें मिळावें. १६०७ सालीं इंग्लंडच्या मध्य भागांतील शेतकऱ्यांनीं बंड केलें होतें, आणि हें नाटक त्याच सुमाराचें आहे. साधारण त्याच वेळीं, १६०८ सालीं, आजच्या जालना जिल्ह्यांतील जांब या गांवीं समर्थ रामदासांचा जन्म झाला. पुढें १६३० च्या भयंकर दुष्काळानें दख्खन उजाड केली. तुकोबांचा व्यापार बुडाला व त्यांची पत्नी अन्नावांचून गेली ती त्याच दुष्काळांत. समर्थांच्या स्फुट प्रकरणांत ‘अस्मानी सुलतानी’ या नांवाचें एक प्रकरण आहे. आकाशाचा कोप तो अस्मानी व राजसत्तेचा जुलूम तो सुलतानी, असा हा जोडशब्द मेनेनिअस व नागरिक या दोघांचेंही म्हणणें एका श्वासांत सांगतो आणि निवाडा वाचकावर सोंपवितो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा ज्यांनीं कीर्तनांत ऐकली आहे, त्यांस हें मर्म निराळें समजावून सांगणें नको. त्या कथेंत लोक उपाशी होते, आणि बिदरच्या बादशहाचीं कोठारें भरलेलीं होतीं. उणीव धान्याची नव्हती; कुलूप उघडणाऱ्याची होती.

आतां ‘टंचाई’कडे वळूं. हा शब्द आपल्या सरकारी भाषेंत इतका बळावला तो अकारण नव्हे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारनें १८८० सालीं फॅमिन कमिशनचा अहवाल घेतला व १८८३ सालीं फॅमिन कोड तयार केलें. ‘स्केअर्सिटी’ ही खालची पायरी व ‘फॅमिन’ ही वरची, अशी संकटाची प्रतवारी तेव्हांपासून कारभारांत आली. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रानें एक पाऊल पुढें टाकलें. १९६३ सालीं या राज्यानें कायदाच केला, कीं राज्यास लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्द काढून टाकावा व त्या जागीं ‘स्केअर्सिटी’ हा शब्द घालावा. कायद्यानें शब्दास हद्दपार केल्याचें हें उदाहरण भाषेच्या अभ्यासकानें विसरूं नये असें आहे.

या कायद्याची केवळ थट्टा करणें अन्यायाचें होईल. पिकांवर सरकारची सतत नजर असते, टंचाईची चिन्हें दिसतांच मदत दिली जाते, त्यामुळें दुष्काळास वावच उरत नाहीं, अशी त्यामागची भूमिका होती. माणसें मरूं लागेपर्यंत वाट पाहूं नये, ही त्यांतील बुद्धि चांगलीच म्हटली पाहिजे. नऊच वर्षांनीं तिची परीक्षा झाली. १९७२ च्या अवर्षणांत सरकारनें जागोजाग कामें काढलीं. १९७३ च्या उन्हाळ्यांत त्यांवर सुमारें पन्नास लक्ष माणसें राबत होतीं. त्यांतूनच रोजगार हमी योजनेस बळ आलें व १९७७ सालीं तिचा कायदा झाला. पूर्वीच्या दुष्काळांप्रमाणें गांवेंच्या गांवें भुकेनें मेलीं नाहींत, हें खरें. पण लोकांनीं त्या वर्षाला नांव काय दिलें? ‘बहात्तरची टंचाई’ असें म्हणणारा मनुष्य मराठवाड्यांत शोधून सांपडणार नाहीं. तो ‘बहात्तरचा दुष्काळ’च राहिला. कायद्यानें पुस्तकांतून काढलेला शब्द रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्यांनीं आपल्या तोंडीं ठेवला.

दोन शब्दांतील भेद येथेंच आहे. ‘टंचाई’ला नेहमी एखाद्या वस्तूचा आधार लागतो: पाणीटंचाई, चाराटंचाई, खतटंचाई. ती वस्तूला चिकटते, माणसाला चिकटत नाहीं. ‘टंचाईग्रस्त’ हें विशेषणसुद्धां गांवाला लागतें, तालुक्याला लागतें. टंचाईवर टँकर हा उपाय असतो व टँकर आल्यावर ती कागदावर संपते. दुष्काळ असा खेपांनीं मोजून संपत नाहीं. पुढें पुढें तर ‘दुष्काळसदृश परिस्थिति’ असा एक विलक्षण समास कारभारांत रूढ झाला. ‘सदृश’ या उपमावाचक पदाचें स्थान काव्यांत. मुखचंद्राशीं सदृश असावें हें ठीक, पण वाळलेलें शेत कशाशीं सदृश असावयाचें? हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०१६ च्या मे महिन्यांत सरकारनें आपल्या आदेशांतील ‘दुष्काळसदृश’ हा शब्द ‘दुष्काळ’ असा वाचावा असें जाहीर केलें. एकोणतीस हजारांहून अधिक गांवांची अवस्था एका समासाच्या विग्रहावर अडून राहिली होती. २०२३ च्या ऑक्टोबरांत सरकारनें चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तेव्हां ‘दुष्काळ’ हाच शब्द वापरला. त्यांत जालना जिल्ह्यांतील तालुकेही होते.

या जिल्ह्यानें २०१२-१३ सालीं जें पाहिलें, तें ‘डर्थ’च्या मूळ अर्थाचें भाष्यच होय. जालना शहरास पाणी पुरविणारा निजामकालीन घाणेवाडीचा तलाव आटला. ज्या मोसंबीच्या बागांसाठीं हा जिल्हा प्रसिद्ध, त्या उभ्या वाळल्या. कित्येकांनीं वर्षानुवर्षें वाढविलेलीं झाडें स्वतःच्या हातांनीं तोडलीं. तरी पाणी अगदीं नाहींसें झालें नव्हतें. तें विकत मिळत होतें. ज्याच्या गांठीं पैसा होता, त्याच्या दारीं टँकर उभा राहिला. ज्याच्या गांठीं नव्हता, तो पाण्याला महाग झाला. अमर्त्य सेन यांनीं १९८१ च्या आपल्या ग्रंथांत १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून हेंच प्रतिपादन केलें, कीं अन्नाचा एकूण सांठा किती, यापेक्षां तें मिळविण्याची ताकद कोणाजवळ किती, यावर दुष्काळ ठरतो. अर्थशास्त्रज्ञानें आंकड्यांनीं सिद्ध केलेली ही गोष्ट आपल्या वाक्प्रचारांत आधींच येऊन बसलेली होती.

इंग्रजींत आज ‘डर्थ’ हा शब्द बहुशः प्रतिभेची, पुराव्याची किंवा कल्पनांची उणीव दाखविण्यापुरताच उरला आहे. पोट भरलेल्या समाजाच्या भाषेंत तसें होणें स्वाभाविक आहे. आपल्याकडेही ‘विचारांचा दुष्काळ’, ‘विनोदाचा दुष्काळ’ असे प्रयोग संपादकीयांत व संमेलनांच्या भाषणांत सवंग झाले आहेत. अलंकार म्हणून ते वर्ज्य करावेत असें माझें म्हणणें नाहीं. परंतु ज्या शब्दाचा वाच्यार्थ अद्याप दर कांहीं वर्षांनीं आपल्या उंबरठ्यावर येऊन बसतो, तो लक्षणेंत उधळतांना हात थोडा आवरावा. आणि कोशकारांस एवढीच विनंती, कीं ‘डर्थ’ या शब्दापुढें ‘टंचाई’ अवश्य लिहावी, पण तिच्या आधीं ‘महाग होणें’ या वाक्प्रचारास जागा द्यावी. विद्यार्थ्यास त्यायोगें एका इंग्रजी शब्दाचा अर्थ तर कळेलच. शिवाय आपल्या आजीच्या बोलण्यांत किती अर्थशास्त्र होतें, तेंही कळेल.