स्वस्त जहाजाचा हिशेब

भूमध्य समुद्रातली सात रात्रींची सफर हल्ली आपल्याकडे इतकी सहज बोलली जाते, की जणू गोकाकचा धबधबा बघून संध्याकाळी परत यायचंय. भिशीत विषय निघतो, मंदिरातून बाहेर पडून चपला घालता घालता निघतो. कुणाच्या तरी फोनवर जाहिरात असते : स्पेन, फ्रान्स, इटली, राहणं-खाणं धरून माणशी पन्नास हजार. एक म्हणते, "अगं, एवढ्यात तर लग्नातली एक साडी येते." दुसरी म्हणते, "एवढं स्वस्त म्हणजे काहीतरी खोट असणारच."

दोघींचंही थोडं थोडं खरं आहे. अशी एक सफर मी केली आहे. बार्सिलोनाहून निघून मार्सेय, जेनोवा, रोमचं बंदर, नेपल्स करत पुन्हा बार्सिलोना. तेव्हा तिची चव मला ठाऊक आहे. पण चव सांगण्याआधी भाव सांगायला हवा, कारण या सफरीचं सगळं आकर्षण भावातच आहे.

पन्नास हजार हा आकडा खोटा नसतो. सात रात्रींचं आतल्या केबिनचं भाडं मोसम नसताना ५०० युरोंपर्यंत उतरतं, आणि युरो आता शंभर रुपयांच्या घरात आहे. पण हे भाडं बिनखिडकीच्या, साधारण दीडशे चौरस फुटांच्या खोलीचं आहे, आणि त्या खोलीत दोघं धरून माणशी काढलेलं आहे. त्यात मुंबईहून युरोपचं परतीचं विमान मिळवा. पन्नास-साठ हजार धरून चला. शेंगेन व्हिसाचे ९० युरो आणि अर्ज घेणाऱ्या केंद्राचे वेगळे पैसे. किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा विमा सक्तीचा. जहाज कुणासाठी थांबत नाही, म्हणून आदल्या दिवशीच पोचून हॉटेलात एक रात्र. जहाजावरचा सेवाआकार रोज माणशी १० ते १५ युरो. बंदरात उतरून रेल्वे, तिकिटं, एखादी कॉफी यांचे मिळून आणखी वीस हजार. सगळं काटकसरीनं केलं तरी बेरीज पावणेदोन लाखांच्या आसपास जाते. म्हणजे पन्नास हजारांची गोष्ट साडेतीनपट होते.

एकटीनं जायचं असेल तर आणखी एक खोच आहे. खोली दोघांची धरलेली असल्यामुळे एकटीला जवळजवळ दुप्पट भाडं पडतं. आपल्यात साठीच्या पुढच्या कितीतरी बायका एकट्या आहेत, हिंडायची हौस आहे, हाती थोडे पैसेही आहेत. त्यांनी ही जाहिरात वाचताना "माणशी" या शब्दापाशी थांबावं, आणि आधी खोलीला जोडीदारीण शोधावी.

तरीही जहाज स्वस्त पडतं, हे मान्य करायला हवं. याच शहरांतून सात रात्री हॉटेलं, दोन वेळचं जेवण आणि गावोगावचा रेल्वेप्रवास केला तर खर्च याहून बराच होतो. मग कंपनीला परवडतं कसं? एक म्हणजे मद्य, जुगाराची टेबलं, फोटो, मालिश, इंटरनेट आणि जहाजानं काढलेल्या सहली यांच्या जोरावर. भाडं हे दुकानात शिरण्याचं तिकीट, कमाई पुढं आत होते. त्या हिशेबानं दारू न पिणारी, जुगार न खेळणारी, फोटो आपल्याच फोनवर काढणारी आपल्यातली मावशी ही कंपनीचं अगदीच निरुपयोगी गिऱ्हाईक. तिनं फक्त पेयांचं पॅकेज गळ्यात पडू देऊ नये आणि समुद्रात फोनचं रोमिंग बंद ठेवावं. बाकी ती फायद्यात.

आता जहाज काय देतं ते बघू. पहिली गोष्ट, पेटी एकदाच उघडायची. दोन-तीन देश हिंडताना रोज सकाळी सामान बांधणं, बसमध्ये चढवणं, दुपारी नव्या हॉटेलात उतरवणं, यातच निम्मा जीव जातो, हे बसनं युरोप केलेल्यांना माहीत आहे. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांना हा एकच फायदा पावणेदोन लाखांचा वाटेल. लिफ्ट आहे, दवाखाना आहे (त्याचं बिल मोठं असतं, म्हणून विमा नीट वाचून घ्यावा), दमलं तर एखाद्या बंदरात न उतरता डेकवर बसून राहता येतं.

दुसरी गोष्ट बायकाच समजू शकतील. सात दिवस "आज भाजी काय?" असं कुणी विचारत नाही. गॅस नाही, ओटा नाही, दूधवाला नाही, पाणी आलं की गेलं याची काळजी नाही. आमच्यातल्या एकीनं पहिल्या दिवशी सकाळी सवयीनं चादरी घडी करून ठेवल्या आणि परत येऊन बघते तर पलंग नव्यानं लावलेला. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला हे सुख सहलीपेक्षा मोठं वाटलं, तर त्यात नवल नाही.

जेवणाचं मात्र सांभाळून. बुफेचा पसारा लांबलचक असतो, आणि आपल्याला चालणारं त्यात थोडं. कांदा, लसूण, बटाटा, गाजर पावलोपावली. भाज्यांच्या सूपमध्येही कांदा असतोच. केक, ताजा पास्ता यांत अंडं, थरथरणाऱ्या गोड पदार्थांत जिलेटिन. पास्त्यावर भुरभुरलेलं खरं पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनं विरजलेलं असतं, तेव्हा "व्हेज पास्ता" या शब्दावर विसंबू नये. बुकिंग करतानाच जैन जेवणाची लेखी मागणी करावी आणि पहिल्याच संध्याकाळी मुख्य वेटरला भेटून पुन्हा सांगावं. खाखरे, मेतकूट, चटण्या घरून न्याव्यात. तूप आणि इतर दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत. केबिनमध्ये केटल किंवा शेगडी चालत नाही, त्यामुळे उकळलेल्या पाण्यासाठी थर्मास घेऊन चहाच्या यंत्रापाशी जावं लागतं.

सूर्यास्ताचं गणितही आधी मांडावं. मेच्या मध्यापासून बार्सिलोनाला सूर्य रात्री नऊच्या पुढं मावळतो. ज्या रात्री जेवत नाहीत त्यांना जहाजाचं संध्याकाळचं जेवण आरामात घेता येतं. डिसेंबरात तोच सूर्य साडेपाचच्या आत जातो, आणि तेव्हा मोठं भोजनगृह उघडलेलंही नसतं. भाडं जितकं उतरतं तितका सूर्य लवकर उतरतो. आपल्या घरात रात्रिभोजनत्याग असेल तर सर्वांत स्वस्त तारीख ही आपली तारीख नव्हे.

यानंतर मुख्य प्रश्न : युरोप बघणं होतं का? जहाज सकाळी आठ-नऊला लागतं, संध्याकाळी पाच-सहाला निघतं, आणि निघण्याआधी चढून बसावं लागतं. जाहिरातीत "रोम" लिहिलेलं असतं, पण जहाज लागतं चिव्हिताव्हेक्यियाला, रोमपासून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर. "फ्लॉरेन्स" लिहिलेलं असतं तिथं बंदर लिव्होर्नो, अंतर नव्वद किलोमीटर. जाण्यायेण्यात तीन तास गेले की रोमला चार-पाच तास उरतात. त्यात कलोसियम बघा, नाहीतर व्हॅटिकन. दोन्हींचा हट्ट धरणाऱ्या बायका मी धावताना आणि रडकुंडीला येताना पाहिल्या आहेत.

उलट नेपल्स. तिथं धक्का थेट शहराच्या पायाशी आहे, उतरलं की समोर जुना किल्ला. मुनिचिपिओ स्टेशनवरून मेट्रोनं म्युझेओला उतरलं की दारातच पुराणवस्तूंचं मोठं संग्रहालय (मंगळवारी बंद). पाँपेईच्या उत्खननात १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली, ती इथं आहे. वेसुवियस इ. स. ७९ मध्ये उसळला, त्याआधीच ती तिथं पोचली होती. तिच्यासारख्या घडणीच्या मूर्ती आपल्याकडे भोकरदन आणि तेरला मिळाल्या, म्हणून ती सातवाहनांच्या मुलखातून गेली असावी असं अभ्यासक मानतात. दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंना सेविका उभ्या. आणि त्याच व्यापाराच्या उलट्या वाटेनं आलेली समुद्रदेव पोसायडनची ब्राँझमूर्ती कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडली. ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. आपल्यापैकी किती जणी महालक्ष्मीला जातात, आणि किती जणींनी तो पोसायडन बघितला आहे? नेपल्समध्ये मी दोन तासांत एकच गोष्ट नीट बघितली, आणि या सफरीचं माझ्यापाशी जे उरलंय त्यात ती पहिली आहे. म्हणून बुकिंग करताना देशांची संख्या मोजू नये. धक्का शहराला लागून आहे अशी बंदरं किती, ते मोजावं. नेपल्स, जेनोवा, पालेर्मो ही त्यातली.

या शहरांनाही आपल्या येण्याचा हिशेब मांडावा लागतो. एका सकाळी चार-पाच हजार माणसं उतरतात, जहाजावरचं जेवण फुकट म्हणून गावात पाण्याची बाटलीही न घेता परततात. व्हेनिसमध्ये जून २०१९ मध्ये एक अवाढव्य जहाज धक्क्यावर आणि पर्यटकांच्या बोटीवर आदळलं. ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना तिथल्या जुन्या शहरासमोरून जायला बंदी आहे. ग्रीसनं २०२५ पासून सांतोरिनीला उतरणाऱ्या जहाजप्रवाशांवर ऐन मोसमात २० युरोंचा आकार लावला. बार्सिलोनानं २०३० पर्यंत सातपैकी दोन धक्के कमी करायचं ठरवलं आहे. याचा भार हळूहळू भाड्यात येणारच. तोवर आपण एवढं करू शकतो, की गावात उतरल्यावर तिथल्याच एखाद्या दुकानातून फळं, कॉफी, चार वस्तू घ्याव्यात.

पण स्वस्ताईचं सर्वांत मोठं कारण मद्यही नाही आणि धक्काही नाही. ते आपल्या फार ओळखीचं आहे. ते आहे घरकाम. पलंग लावणं, न्हाणीघर पुसणं, ताटं उचलणं, भाज्या चिरणं, कपडे धुणं. चार-पाच हजार प्रवाशांमागं दीड हजाराच्या आसपास माणसं हेच करत असतात, आठवड्याचे सातही दिवस, सहा ते नऊ महिन्यांच्या करारावर. पुष्कळ जहाजांवर पनामा, बहामा, माल्टा अशा देशांचे झेंडे असतात, आणि कामाचे नियम त्या देशांचे लागतात. आंतरराष्ट्रीय करारानुसार त्यांना २४ तासांत किमान १० तास विश्रांती मिळायला हवी. वाचायला बरं वाटतं. उलटं वाचलं की चौदा तासांच्या दिवसाला मोकळीक आहे हे लक्षात येतं. समुद्रप्रवास म्हटला की श्रीपाल-मैनासुंदरीच्या कथेतला धवलशेठ आठवतो, लोभापायी माणसाला पाण्यात ढकलणारा. आता कुणी कुणाला ढकलत नाही, माणूस फक्त हिशेबात दिसेनासा होतो.

आणि ही माणसं परकी नाहीत. आमच्या बेळगावहून घाट उतरला की गोवा. तिथल्या सासष्टी-बार्देशातली कित्येक घरं तारवटी बापाच्या, मुलाच्या पगारावर उभी राहिली आहेत. २०२० च्या टाळेबंदीत जहाजांवर अडकलेल्या गोव्याच्या मुलांच्या आया दारात बसून होत्या, ते आपण बातम्यांत बघितलं. आमच्या मजल्यावरच्या खोल्या लावणारा मुलगाही गोव्याचाच निघाला. नेपल्सला तो किती वेळा आला हे त्यानं मोजणं सोडलं होतं. खाली उतरला होता तीनदा. त्याच्या वाट्याला पंधरा-वीस खोल्या होत्या, दिवसातून दोनदा.

हे वाचून कुणी म्हणेल, मग जाऊच नये का? मी तसं म्हणत नाही. त्या नोकरीवर त्याचं घर चालतं, आणि आपण गेलो नाही म्हणून त्याला विश्रांती मिळत नाही. पण एक गोष्ट आपल्या हातात असते. जाणकार मंडळी सल्ला देतात, की स्वागतकक्षात जाऊन सेवाआकार बिलातून काढून टाकायला सांगा, सात-दहा हजार वाचतात. काही जहाजांवर तो खरंच काढूनही देतात. हा सल्ला निदान आपण बायकांनी ऐकू नये. आपल्या कामाला कुणी मोल दिलं नाही म्हणून जन्मभर कुढणाऱ्या आपण, दुसऱ्याच्या त्याच कामाचे पैसे कापून सहल स्वस्त केली म्हणून कशा मिरवणार? आकार द्यावा, वर जमेल ते हातात द्यावं, आणि खोली आवरून द्यावी.

एकंदरीत माझं मत असं. ज्यांना गुडघे आणि पेट्या सांभाळायच्या आहेत, ज्यांना आठ दिवस स्वयंपाकघरापासून सुटका हवी आहे, आणि खोलीला जोडीदारीण आहे, त्यांनी मे महिन्यात जरूर जावं. पन्नास हजारांत जाणार नाही, पावणेदोन लाख लागतील, हे घरात आधी मोकळेपणानं सांगावं. ज्यांना रोम, फ्लॉरेन्स खरोखर बघायचंय, त्यांनी आणखी दोन वर्षं पैसे साठवावेत आणि एकाच देशात रेल्वेनं आठ दिवस राहावं. जहाजावरून त्या शहरांचं ओझरतं दर्शन होतं, भेट होत नाही. आणि ज्यांना निव्वळ समुद्र बघायचाय, त्यांनी चोर्ल्याच्या घाटानं उतरावं. तो तीन तासांवर आहे.