‘विदर्भाचं खजुराहो’ म्हणण्याआधी

मार्कंडादेवला सर्रास ‘विदर्भाचं खजुराहो’ म्हणतात. ही उपमा मला तोकडी वाटते. गाडी दाराशी लावून, शिल्पांचे फोटो काढून परतणाऱ्याला ती पुरते. पण मोठं शहर जसं बसने आणि पायी फिरूनच कळतं, तसंच या देवळांचं आहे. चामोर्शीपर्यंत एसटीने या, पुढे थोडं तरी चाला. देवळांना वळसा घालून काठावर गेलात, की उत्तरेकडे वळलेली वैनगंगा दिसते. या उत्तरवाहिनीला पवित्र मानतात. महाशिवरात्रीची जत्रा इथेच भरते. आत डागडुजीही नीट पाहा. वीज पडून शिखर ढासळलं, गोंड राजाने ते सावरलं, असं सांगतात. खजुराहो चंदेलांचं. ते नाव इथे चिकटवलं की नदी, जत्रेकरू आणि गोंड, तिघंही गळतात. मग उरतं काय? नुसता दगड.