गिरणीची वास्तू आणि प्रदेशाचे अन्न

अन्नाची प्रादेशिकता पाककृतीत असते, की ते अन्न खाणाऱ्यांच्या जीवनक्रमात? झाडीपट्टीच्या संस्कृतीचा विचार करणाऱ्यास हा प्रश्न टाळता येत नाही. त्याच्या निर्णयासाठी फ्रान्समधील ल्यों येथील 'बूशों' नामक लहान खाणावळींचे उदाहरण उद्बोधक आहे.

ल्यों हे रेशीम विणणाऱ्यांचे शहर. १८३१ व १८३४ साली तेथील विणकरांनी उठाव केले. मागावर राबणाऱ्यांची सकाळची भरपेट न्याहारी आणि आतड्यांसारखे स्वस्त मांस यांवर तेथील पाकपरंपरा पोसली गेली. ताज्या चीजमध्ये लसूण-कांदा व हिरवा पाला घालून केलेल्या एका पदार्थास आजही 'विणकराचा मेंदू' म्हणतात. या नावात उपहास असेल. विस्मरण मात्र नाही.

मुंबईच्या गिरणगावात याच्या उलट घडले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर अनेक गिरण्या बंद पडत गेल्या आणि फिनिक्स, कमला, मथुरादास यांच्या आवारांत उपाहारगृहे आली. मथुरादास गिरणीच्या आवारात उघडलेल्या 'कॅफे झोई' या युरोपीय धर्तीच्या उपाहारगृहात उघड्या विटांच्या भिंती व उंच छत हीच सजावट ठरली. पाडून टाकण्यापेक्षा राखणे श्रेयस्कर, हे मान्यच केले पाहिजे. परंतु येथे भिंत राखली गेली, पंगत नाही. कोकणातून व घाटावरून एकट्याने आलेल्या कामगारांना ज्या स्त्रियांनी घरगुती खाणावळींत जेवू घातले, त्यांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. त्या जेवणाची खूण या नव्या वास्तूंच्या पदार्थसूचीत सहसा आढळत नाही.

उपाहारगृह म्हणजे वस्तुसंग्रहालय नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. तथापि जी वास्तू आपल्या जुनेपणाचे मोल ग्राहकाकडून घेते, तिने त्या जुनेपणाचा अर्थही सांभाळावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या दृष्टीने या विवेचनाचे महत्त्व येथेच आहे. उद्या एखाद्या बंद राईस मिलमध्ये मोहफुलांचे पदार्थ शोभिवंत ताटात वाढले जातील. चैत्रातल्या पहाटे ती फुले वेचणारी आणि पावसाळ्यात चिखलात रोवणी करणारी स्त्री त्या ताटाच्या नावात, मोलात व मालकीत कोठे असेल, यावरूनच त्या अन्नाची प्रादेशिकता पारखावी लागेल. विटांच्या रंगावरून ती ठरणार नाही.