पूर्वपक्षाची कसोटी

आपल्या पाठ्यपुस्तकांतून ‘क्रिस्तपुराणा’चा परिचय बहुधा एकाच दाराने होतो. फादर स्टीफन्सने मराठी भाषेची थोरवी गायिलेल्या ओव्या विद्यार्थी पाठ करतात, परकीयाने आपल्या भाषेचे कौतुक केले म्हणून आपण सुखावतो, आणि ग्रंथ मिटतो. हे कौतुक खोटे नव्हे. पण ज्या ग्रंथाचे प्रयोजनच एका श्रद्धेचे मंडन हे आहे, त्याचे मंडन न तपासता केवळ भाषा वाखाणणे हा त्या ग्रंथावर एक प्रकारे अन्यायच होय. मराठीतील ख्रिस्ती मंडनपर वाङ्मयाकडे वाङ्मय म्हणून पाहावयाचे, तर कसोटी कोणती लावावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ती कसोटी आपल्या शास्त्रपरंपरेतच तयार आहे. सिद्धांत मांडण्यापूर्वी पूर्वपक्ष मांडावा, आणि तो प्रतिपक्ष्याने स्वतः मांडला असता त्याहून दुबळा मांडू नये, हा आपल्या भाष्यकारांचा दंडक. पूर्वपक्ष जितका सबळ, तितका सिद्धांत खरा कसाला लागतो. ख्रिस्ती ग्रंथकारांना ही मोजपट्टी लावणे म्हणजे त्यांना परक्या न्यायासनापुढे उभे करणे नव्हे. ज्या भाषेत त्यांनी वाद घातला तिच्याच रीतीने त्यांना वाचणे आहे.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यास आला आणि त्याचे पुराण 1616 साली रायतूर येथे छापून निघाले. त्याने जुन्या कराराची कथा ‘पहिले पुराण’ व नव्याची ‘दुसरे पुराण’ अशी विभागली. ही विभागणीच त्याचा पहिला युक्तिवाद आहे. तारणहार कशासाठी हवा, हा प्रश्न कर्मविपाक मानणाऱ्या श्रोत्याला सहज पडणारा आहे. म्हणून स्टीफन्स सृष्टीची उत्पत्ती व आदिमानवाचे पतन यांपासून प्रारंभ करतो आणि उत्तर देण्यापूर्वी प्रश्न श्रोत्याच्या मनात रुजवितो. ग्रंथारंभी एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की जुनी पुराणे तर बंद झाली, आता आम्ही वाचावे काय? या प्रश्नात तत्त्वज्ञान थोडे, पण एक पोकळी मोठी आहे. स्टीफन्सला ती दिसली, हेच त्याचे कविपण.

शब्दांच्या बाबतीतही तो धाडसी आहे. स्वर्गाला तो ‘वैकुंठ’ म्हणतो, सैतानाला ‘देवचार’. प्रतिपक्षाचा शब्द घेतला की त्यामागचा अर्थही घरात येतो, हा धोका त्याने पत्करला. अवतार अनेक आणि ख्रिस्ताचा देहधारण एकदाच, हा भेद मग शब्दाने नव्हे, कथेनेच राखावा लागतो. आणि अनेक ठिकाणी त्याची कथा तो राखतेही.

याच्या शेजारी एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाचे, 1629 पासून छापून निघालेले, संत पीटरच्या चरित्रावरील ओवीबद्ध पुराण ठेवावे. त्याच्या पोर्तुगीज शीर्षकातच पूर्वेकडील मूर्तिपूजकांच्या प्रमुख चुकांचे खंडन हा उद्देश घोषित केला आहे. येथे पूर्वपक्ष केवळ पाडण्यासाठी उभा केला जातो. पुराणकथांतील विसंगती दाखविल्या जातात. पण त्या कथांचा भक्त त्यांच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, हे सांगणारा आवाज उमटत नाही. तो उमटणार तरी कसा? 1560 साली गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले होते, साष्टीतील देवळे त्याच दशकात पाडली गेली होती. जेथे प्रतिपक्ष्याला उत्तर देण्याची मोकळीक नाही, तेथे खंडनाला विजय मिळतो, पण तो सिद्ध होत नाही. स्टीफन्सही याच सत्तेच्या छायेत लिहीत होता, हे त्याच्या चाहत्यांनी विसरू नये.

ती मोकळीक पुढे मुंबईत मिळाली. 1831 मध्ये मोरभट दांडेकरांनी हिंदुधर्माची बाजू घेऊन ग्रंथ लिहिला व जॉन विल्सन यांनी त्याला छापील उत्तर दिले. 1857 मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद करीत होते. त्याच 1857 साली, बेळगावात जन्मलेल्या आणि तेथेच 1854 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. त्यातील पात्रे पुष्कळदा लेखकाची प्रवचने बोलतात, आणि यमुनेचे ख्रिस्ती होणे व पुनर्विवाह हा शेवट आधीच ठरल्यासारखा वाटतो. मात्र विधवांची दुःखे सांगताना बाबा वाद विसरतात, आणि नेमका तेथेच त्यांचा वाद सर्वांत बळकट होतो.

त्यांचे खरे मंडन आहे ते ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात. येथे प्रतिपक्षी दोन आहेत: घरची परंपरा, आणि परमहंस सभेचा बुद्धिवाद. एक ईश्वर मानावा, जातिभेद मोडावा, पण कोणताही ग्रंथ ईश्वरप्रणीत मानू नये, असे सांगणारी ही दुसरी बाजू सुशिक्षिताला अधिक मोहक होती. बाबा स्वतः त्या सभेत होते. म्हणून येथे पूर्वपक्ष म्हणजे लेखकाचे कालचे मनच. त्याला दुबळे करणे म्हणजे स्वतःशी खोटे बोलणे. सिद्धांत पटो वा न पटो, तो कोणत्या किमतीने मिळाला हे वाचकाला कळते.

पुढे ना. वा. टिळकांनी आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगितले, आणि पूर्वपक्ष हा शत्रू न राहता वाट झाला. यात माधुर्य मोठे आहे. पण सर्वच वाट ठरली की दोन सिद्धांतांतील खरा भेद पुसट होण्याचा संभवही तितकाच मोठा. आदर म्हणजे भेद झाकणे नव्हे.

शिक्षकांना विनंती एवढीच, की वर्गात भाषास्तुतीच्या ओव्यांबरोबर त्या ब्राह्मणाचा प्रश्नही वाचावा, आणि विद्यार्थ्यांना विचारावे: याला मिळालेले उत्तर पुरेसे आहे काय? उत्तरे निरनिराळी येतील. ती येऊ द्यावीत. साष्टीच्या त्या श्रोत्याला जी मोकळीक नव्हती, ती निदान आपल्या वर्गात असावी.