मुस्तफाचा मार आणि क्रोनोचा हिशेब

यंदाच्या उन्हाळी सुट्टीत चार-सहा पुस्तके वाचून काढायची असे ठरवले होते. प्रत्यक्षात दोन जुने व्हिडिओ गेम शेवटपर्यंत खेळून झाले. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या, बी.एड. झालेल्या माणसाने साहित्याच्या वार्षिकात खेळांवर लिहावे हे काही वाचकांना रुचणार नाही. पण आपल्या मोहल्ल्यांतल्या पोरांनी ज्या गोष्टीवर खिशातला रुपया न् रुपया उधळला, तिचे एकदा तरी नीट वाचन व्हायला हवे, असे मला वाटते.

पहिला खेळ मारामारीचा. त्याचे खरे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. कॅपकॉम या जपानी कंपनीने तो १९९३ साली काढला. मार्क शुल्ट्झ यांच्या 'झेनोझोइक टेल्स' या १९८७ पासूनच्या अमेरिकन कॉमिक मालिकेवर तो बेतलेला आहे. सांगलीत हे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. सांगलीतच काय, देशभरातल्या पार्लरांत पोरे या खेळाला 'मुस्तफा' म्हणत. खेळायला चौघे असतात : जॅक टेनरेक, हॅना डंडी, मुस्तफा कैरो आणि दांडगा मेस. जाहिरातीतला मुख्य नायक जॅक. पण पिवळ्या टोपीचा, चपळ, धावत येऊन लाथ घालणारा मुस्तफा पोरांना इतका आवडला की अख्खा खेळच त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. नायक कोण हे कंपनीने ठरवले होते. आपल्याकडच्या पोरांनी ते बदलले.

२००० सालच्या आसपास मी दहा-अकरा वर्षांचा होतो. आमच्या घराजवळच्या अंधाऱ्या पार्लरमध्ये तीन मशिने होती. पोरे सगळ्या जातीधर्मांची, आणि प्रत्येकाला व्हायचे असायचे मुस्तफा. या नावाचा नायक असणे ही कोणालाच विशेष गोष्ट वाटत नव्हती, आणि मला वाटते, हेच त्यातले विशेष. तो इंजिनिअर आहे, मित्रांबरोबर लढतो, बस्स. पुढे २००७ मध्ये 'कॉल ऑफ ड्यूटी ४ : मॉडर्न वॉरफेअर' आला. त्यात आपल्यासारखे नाव असलेला माणूस होता खालिद अल-असद, आणि तो खलनायक होता. तेव्हा मला मुस्तफाची किंमत कळली.

घरी मात्र वेगळीच अडचण होती. आम्ही भाऊभाऊ 'मुस्तफा मेला, मुस्तफा मेला' असे ओरडत घरी आलो की अम्मी टोकायची, "ऐसा नक्को बोलो रे, नाम किसका है, कुछ अदब है के नहीं?" मुस्तफा हे हुजूर (स.) यांचे लकब आहे, हे तिने तेव्हा समजावले. त्यानंतर आम्ही 'पिवळा मेला' म्हणू लागलो. नाव उच्चारताना जीभ सांभाळावी लागते, हा भाषेचा पहिला धडा मला असा मिळाला.

आता खेळाचे परीक्षण. कथा इसवी सन २५१३ मध्ये घडते. माणसे आणि डायनोसॉर एकाच पृथ्वीवर राहत आहेत. काळ्या बाजारवाल्यांची टोळी डायनोसॉरांची शिकार करते आणि फेसेंडेन नावाचा डॉक्टर त्यांच्यावर प्रयोग करतो. नायकमंडळी या जनावरांना वाचवायला निघाली आहेत. ही गोष्ट मला यंदा कळली! लहानपणी इंग्रजी वाचता येत नव्हते, त्यामुळे आपण डायनोसॉर मारायला निघालो आहोत असेच मी समजत होतो. रक्षणकर्त्याचा वेष घालून मी वर्षभर शिकाऱ्याच्या आनंदाने खेळलो. यात दोष माझा आहे तसा खेळाचाही आहे. ज्या गोष्टीतले शब्द काढून टाकले तरी हातांना काहीच फरक पडत नाही, ती गोष्ट खेळाच्या आत शिरलेलीच नसते. हात मात्र अस्सल आहे. ठोशाचे वजन, गर्दीतून वाट काढणे, तिघांनी एका वेळी पाठीला पाठ लावून लढणे, यात या खेळाला तोड नाही.

तिघे एकत्र खेळले की माणसाचा स्वभावही कळतो. पिंप फोडले की त्यातून खाणे निघायचे. ज्याची ताकद संपत आली असेल त्याने ते खावे, हा साधा न्याय. पण पोट भरलेल्याने ते उचलले तर त्याला जादा गुण मिळत. माझ्याबरोबर शेजारच्या सुतारांचा मुलगा यायचा. तो मराठी शाळेत, मी उर्दू. मशिनसमोर उभे राहताच तो म्हणायचा, "नाव तुझ्याकडचं आहे, तू घे मुस्तफा." तो जॅक घ्यायचा आणि दुसऱ्याच टप्प्यात कसायासमोर गारद व्हायचा. खाणे मी गुणांसाठी उचललेले असायचे. मग तो माझ्या खांद्यामागे उभा राहून माझा खेळ बघायचा. खेळाने मला कधी जाब विचारला नाही. उलट गुण दिले! मध्येच लोडशेडिंग झाले की तेही पुसले जात. पुढे २००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी पार्लरमध्ये शिरले, मशिनच्या लाकडी पेट्या फुगल्या आणि तो अध्याय संपला.

उर्दू दास्तानीचे चार खांब सांगितले जातात : रज्म म्हणजे युद्ध, बज्म म्हणजे मैफल, तिलिस्म म्हणजे मायावी सृष्टी आणि अय्यारी म्हणजे चातुर्य. या मापाने 'मुस्तफा' म्हणजे निव्वळ रज्म, आणि खेळणारी पोरे पाठीमागे जमतात ती त्याची बज्म. भूमिका घेऊन खेळायच्या खेळांत, म्हणजे रोल-प्लेइंगमध्ये, उरलेले दोन खांबही उभे राहतात. नायकाच्या झोळीत डझनावारी औषधे, तलवारी आणि चिलखते मावतात तेव्हा मला अमर अय्यारची झंबील आठवते. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे खंड छापायला घेतले. ते वाचलेल्याला हे खेळ परके वाटणार नाहीत.

यातला मी पुरा केलेला खेळ 'क्रोनो ट्रिगर'. जपानच्या स्क्वेअर कंपनीचा, १९९५ सालचा. 'फायनल फँटसी'चे हिरोनोबू साकागुची, 'ड्रॅगन क्वेस्ट'चे युजी होरी आणि चित्रकार अकिरा तोरियामा हे तिघे त्यासाठी एकत्र आले होते. क्रोनो हा मुलगा इसवी सन १००० च्या जत्रेतून भूतकाळात फेकला जातो. पुढे १९९९ मध्ये लाव्होस नावाचे संकट जगाचा नाश करणार आहे हे त्याला आणि त्याच्या मित्रांना कळते. ते टाळण्यासाठी ते काळाच्या पायऱ्या चढत-उतरत राहतात.

पण माझे मन जगाच्या नाशापेक्षा जत्रेतच अडकले. तिथे क्रोनोचा एका मुलीला धक्का लागतो आणि तिचे लॉकेट पडते. आधी मुलीची विचारपूस करायची की लॉकेट उचलायचे, हे खेळणाऱ्याच्या हाती. एका म्हाताऱ्याचा डबा ठेवलेला असतो, तो खाता येतो. मी खाल्ला. जुनी सवय! ती मुलगी राजकन्या निघते, तिला पळवल्याचा आरोप क्रोनोवर येतो आणि तो कोर्टात उभा राहतो. मग साक्षीदार येतात. डबेवाला म्हातारा येतो. लॉकेट आधी उचललेत की मुलीला सावरलेत, हेही निघते. मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. नामा-ए-आमाल हा शब्द मी वर्गात कितीदा समजावला आहे. तो असा अंगावर कधी आला नव्हता. आणि सात पंच निर्दोष म्हणोत की दोषी, क्रोनो जातो कोठडीतच. या जागी आपले वाचक थोडे थांबतील, त्यांना अधिक सांगायला नको.

हा खेळ निर्दोष आहे असे नाही. बळ वाढवण्यासाठी त्याच त्या लढाया करताना कंटाळा येतो. नायक तर जवळपास मुकाच आहे. शिवाय तो एकट्याने, रात्री, दार लावून खेळायचा खेळ. मला तीस-एक तास लागले. साताऱ्यातल्या माझ्या खोलीत त्या तीस तासांत खांद्यामागे कोणी उभे नव्हते. 'मुस्तफा' तासाभरात संपला, कारण संगणकावर नाणी हवी तितकी टाकता येतात. पण जिथे हरण्याची भीती नाही तिथे जिंकल्याचा आनंदही नाही, हे शेवटच्या पडद्यावर कळले.

माझे मत असे : 'मुस्तफा'त सोबत आहे पण स्मरण नाही, आणि 'क्रोनो ट्रिगर'मध्ये स्मरण आहे पण सोबत नाही. चांगल्या कथेला दोन्ही लागते, आणि चांगल्या गावालाही. २००९ मध्ये मिरज-सांगलीत दंगल पेटली तेव्हा, एकाच मशिनवर खांद्याला खांदा लावून वाढलेली आमची पिढी विशीत होती. आमची सोबत खरी होती. पण कोणी कोणाचे काय उचलले आणि कोणी मुकाट मागे उभे राहिले, याचा हिशेब आम्ही कधी मांडला नव्हता. म्हणून ती सोबत दोन दिवसांत पातळ झाली. आज माझे विद्यार्थी मोबाईलवर गोळीबाराचे खेळ खेळतात. मी त्यांना किती मारले हे विचारत नाही. जखमी साथीदारासाठी कोण थांबले, ते विचारतो. आधी हसतात, मग सांगू लागतात.

खेळ संपल्यावर मी सांगलीला त्या मित्राला फोन लावला. आता तो वडिलांचाच धंदा करतो. म्हटले, "मुस्तफा आठवतोय का रे?"

तो म्हणाला, "खेळ फारसा नाही आठवत. जेवण तू खायचास, एवढं आठवतंय."

साक्षीदार हजर होता. पुढच्या रविवारी मी सांगलीला जाणार आहे. मुस्तफा त्याला देणार आहे आणि जॅक मी घेणार आहे.