खानसाहेब आपले की त्यांचे?

गेल्या उन्हाळी सुटीत आम्ही नेरे आणि आसपासच्या गावांतील उर्दू माध्यमाची बावीस मुले-मुली घेऊन एका संगीत नाट्यमहोत्सवाला गेलो. युरोपात उन्हाळ्यात ऑपेराचे महोत्सव भरतात. ऑस्ट्रियातील साल्झबर्गचा महोत्सव १९२० साली सुरू झाला. आपल्याकडे ऑपेराच्या सर्वांत जवळचे काही असेल तर ते संगीत नाटक. सहलीसाठी एक मार्गदर्शकही होते. त्यांनी प्रयोगाआधी अर्धा तास माहिती दिली आणि मुलांना एक पत्रक वाटले.

प्रयोग 'कट्यार काळजात घुसली'चा होता. मध्यंतरात सातवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, हे खानसाहेब आपले की त्यांचे?" हा लेख त्या प्रश्नामुळेच लिहीत आहोत.

मुलाचा दोष नव्हता. पत्रकात किर्लोस्कर होते, बालगंधर्व होते, पण उर्दूचे नाव कुठेच नव्हते. वास्तविक अण्णासाहेब किर्लोस्करांना संगीत नाटकाची प्रेरणा मिळाली ती पारशी कंपनीच्या 'इंद्रसभा'च्या प्रयोगातून. 'इंदरसभा' ही लखनौच्या आगा हसन 'अमानत' यांची, वाजिद अली शाहच्या काळातली उर्दू कृती. त्यानंतर ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आले. 'स्वयंवर'ला चाली देणारे भास्करबुवा बखले हे फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांचे शागीर्द. बालगंधर्वांच्या पदांमागे तबला होता अहमदजान थिरकवांचा. एवढे वगळून संगीत नाटकाचा इतिहास सांगणे म्हणजे पाया न दाखवता इमारत दाखवणे होय.

आता नाटकाविषयी. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक १९६७ मध्ये आले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे, आणि खानसाहेब आफताब हुसेनच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. हे वसंतराव लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे शिकलेले. नाटकातला झगडा हिंदू-मुसलमानांचा नाही, तो दोन घराण्यांचा आहे. विद्या घरातच कोंडून ठेवायची की भुकेल्या शागिर्दाला द्यायची, हा त्यातला खरा प्रश्न. मराठी नाटककाराने आपली सर्वांत मोठी भूमिका एका उर्दू बोलणाऱ्या उस्तादाला दिली आणि मराठी प्रेक्षकाने ती डोक्यावर घेतली, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

तरीही आमची एक तक्रार आहे. नाटकात अहंकार, मत्सर, पश्चात्ताप हे सारे खानसाहेबाच्या वाट्याला येते. पंडित भानुशंकर मात्र जवळजवळ निष्कलंक राहतात. त्यामुळे खानसाहेब माणूस म्हणून जिवंत होतो, आणि पंडितजी तसबिरीतच राहतात. नाट्यदृष्ट्या हा खानसाहेबाचा विजय आहे. पण समजून घेणारा प्रेक्षक नसेल तर त्याला दिसतो तो फक्त एक तापट मुसलमान. २०१५ च्या चित्रपटात हा तोल खलनायकीकडे आणखी कलला, असे आम्हांला वाटते.

आम्ही पाहिलेल्या प्रयोगात गाणे उत्तम होते, उर्दू मात्र कच्ची. 'ख' आणि 'ख़', 'ज' आणि 'ज़' यांतला फरक नटाने पाळला नाही. आमची मुले प्रत्येक चुकीला हसली. त्या हसण्याने आम्ही आधी ओशाळलो, मग सुखावलो. कारण त्या सभागृहात ती भाषा नीट ओळखणारे बहुधा तेच बावीस जण होते. आणि तान चढली तेव्हा तीच मुले श्वास रोखून बसली होती.

एक हिशेब आपलाही मांडला पाहिजे. सहलीचे नाव काढताच काही पालकांनी "गाण्याबजावण्याला कशाला?" म्हणून मुलांना पाठवले नाही. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. पण अब्दुल करीम खाँ मिरजेला राहिले, पेशवाईत सगनभाऊंनी लावणी रचली, हे आम्ही वर्गात कधी सांगितले होते? मराठीच्या तासाला आम्ही व्याकरण आणि निबंध यांपलीकडे गेलो नाही. मराठी ही नोकरीसाठी लागणारी परकी भाषा, असे मुलांना वाटत असेल तर ते आम्हीच शिकवले आहे. मार्गदर्शकांच्या पत्रकात उर्दू नव्हती, तशी आमच्या फळ्यावर ही मराठीही नव्हती.

मुलाला तेव्हा आम्ही इतकेच म्हणालो, "बेटा, गाणे ज्याला कळते त्याचे खानसाहेब." त्याचे समाधान झाले नाही, आणि आमचेही. पुढच्या सहलीचे पत्रक आम्हीच लिहिणार आहोत, उर्दू आणि मराठी दोन्हीत. त्याच्या प्रश्नाला तेच खरे उत्तर ठरेल.